माझ्या पसंतीचे २०२४ चे पाच सिनेमे



डिसेंबर संपत आला की वर्तमानपत्रांत वर्षातल्या उत्तम सिनेमांच्या याद्या येतात. कुणी किती कोटी कमावले, याचीच चर्चा जास्त. त्या वाचून झाल्यावर मला दर वर्षी वाटतं, आपलीही एक यादी असायला काय हरकत आहे? आपण बायका सिनेमे कमी का बघतो! मी तर कॉलेजात असल्यापासून बघतेय. अकाउंटन्सीचा तास संपला की मैत्रिणींबरोबर दुपारचा खेळ गाठायचा. अजूनही दुपारचाच खेळ बघते, कारण दिवस मावळायच्या आत घरी येऊन जेवायचं असतं.

माझी कसोटी साधी आहे. सिनेमा बघितल्यावर दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना तो आठवला पाहिजे. या वर्षी असे पाच आठवले. पाचव्यापासून सुरुवात करते.

५. पाणी

नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांची ही खरी गोष्ट. गावात पाणी नाही म्हणून मुलगी द्यायला कुणी तयार नाही. मग हा तरुण गावालाच कामाला लावतो. आदिनाथ कोठारे यांनी दिग्दर्शनही केलंय आणि कामही. पर्यावरणाचा राष्ट्रीय पुरस्कार या सिनेमाला २०१९ सालीच जाहीर झाला होता, थिएटरात यायला मात्र १८ ऑक्टोबर २०२४ उजाडला. पाणी गाळून आणि जपून वापरावं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. पण घागरीसाठी मैलभर चालणारी बाई बघितली, की आपला नळ आपोआप बारीक होतो.

४. मेयाळगन

हा तमिळ सिनेमा मी खालच्या ओळी वाचत बघितला. भाऊबंदकीत राहतं घर गेलेला माणूस बऱ्याच वर्षांनी लग्नाच्या निमित्तानं गावी जातो. तिथे एक नातेवाईक त्याच्यावर जीव ओवाळून टाकतो, आणि याला त्याचं नावच आठवत नाही! अरविंद स्वामी आणि कार्ती यांच्या नुसत्या गप्पा आहेत, पण डोळ्यांतलं पाणी खळत नाही. वाटणीवरून दोन घरं बोलेनाशी झालेली आपल्यातही कमी नाहीत. हा बघून मी माझ्या चुलतबहिणीला फोन केला. नऊ वर्षांनी. ती म्हणाली, "किती गं वाट बघायला लावलीस!"

३. नाच गं घुमा

परेश मोकाशी यांचा हा सिनेमा बरोबर १ मे रोजी, कामगार दिनाला लागला. बँकेत नोकरी करणारी राणी म्हणजे मुक्ता बर्वे आणि घरकाम करणारी आशाताई म्हणजे नम्रता संभेराव. बाई उशिरा आली की आपली जी चिडचिड होते, ती जशीच्या तशी पडद्यावर आहे. आमच्या भिशीतल्या सगळ्या हसून हसून बेजार झाल्या. मीही हसले. पण घरी आल्यावर हिशेब केला. आमच्याकडे बाई सोळा वर्षं येतात. त्यांच्या हक्काच्या सुट्ट्या किती? शून्य. आजारी पडल्या, तरी आपण तोंड वाकडं करायचं. जूनपासून त्यांना महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या दिल्यात. त्या दिवशी भांडी मी घासते आणि हे पुसतात. आभाळ कोसळलेलं नाही.

२. लापता लेडीज

किरण राव यांच्या या सिनेमाबद्दल तुम्ही इतकं वाचलं असेल, की गोष्ट सांगत नाही. घुंगटामुळे रेल्वेत दोन नव्या नवऱ्यांची अदलाबदल होते, एवढंच. मला आठवत राहिल्या त्यातल्या दोन जागा. एक, घरातल्या बायका जेवणाबद्दल बोलत असतात आणि वयानं मोठ्या बाईला स्वतःला काय आवडतं तेच आठवत नाही. मी पदार्थांच्या डायरीत बघितलं. यांच्या आवडीचं, मुलाच्या आवडीचं, जावयांच्या आवडीचं, सगळं लिहिलंय. माझ्या आवडीचं पान नाही. दुसरी जागा म्हणजे स्टेशनवर चहाचा ठेला चालवणारी मंजूमाई. हरवलेल्या फूलला ती कामाचे पैसे देते, तेव्हा त्या पोरीचा चेहरा बघा.

ही मंजूमाई म्हणजे आपल्या छाया कदम. पहिल्या क्रमांकाच्या सिनेमातही त्याच आहेत.

१. ऑल वी इमॅजिन ॲज लाइट

पायल कपाडिया यांच्या या सिनेमाला २०२४ च्या कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा तीस वर्षांनी गेला होता. नोव्हेंबरात पुण्याला लेकीकडे होते, तेव्हा दोघी मिळून बघितला. संथ आहे, आधीच सांगते. काही प्रसंग नातवंडांबरोबर बघण्यासारखे नाहीत, हेही सांगते.

मुंबईत नर्सचं काम करणाऱ्या दोन मल्याळी मुली आणि त्याच हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती. नर्सची गोष्ट सुंदरच आहे, पण माझा जीव अडकला पार्वतीत. नवरा गेलेला. इतकी वर्षं राहिली त्या चाळीतून बिल्डर तिला बाहेर काढतोय, आणि घर आपलं आहे हे सांगायला तिच्याजवळ एक कागद नाही. नवऱ्यानं कधी काही सांगितलं नाही, हिनं कधी विचारलं नाही. शेवटी ती गाशा गुंडाळून रत्नागिरीकडे आपल्या गावी जाते.

परतीच्या रिक्षात मी गप्प होते. मी बी.कॉम. आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मला समजतं. आणि तरी आमच्या घराचे कागद कुठल्या कपाटात आहेत, ते मला ठाऊक नव्हतं.

सांगलीला आल्यावर यांना विचारलं. हे म्हणाले, "का? माझ्यावर विश्वास नाही?" दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं. मला वाईट वाटलं, पण प्रश्न मागे घेतला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी यांनीच फाइल काढून टेबलावर ठेवली. फ्लॅट एकट्या यांच्या नावावर, नॉमिनीचा रकाना कोरा. लॉकर एकट्याचा. आणि एका मुदत ठेवीला नॉमिनी कोण? आमच्या सासूबाई! त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

ते नाव बघून हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "राहूनच गेलं बघ." यांनी काही लपवलं नव्हतं, आणि पार्वतीच्या नवऱ्यानंही लपवलं नसेल. राहून जातं, एवढंच. पण राहून गेलेल्याची किंमत बाईच भरते. पुढच्या आठवड्यात बँक आणि सोसायटीचं ऑफिस दोन्ही केलं. मृत्युपत्राचं वकिलांशी बोलणं चालू आहे.

आता तुम्ही विचाराल, 'जुनं फर्निचर' यादीत कसा नाही? भिशीत त्यावरून माझ्याशी सगळ्या भांडल्या. महेश मांजरेकरांचं काम चांगलंच आहे. पण बाप मुलाला कोर्टात खेचतो आणि थिएटरात टाळ्या पडतात, ते मला पटलं नाही. मुलाची बाजू नीट ऐकूनच घेतली नाही असं वाटलं. मुलांना वाढवल्याचा ताळेबंद मांडायचा नसतो. जो मांडायचा, तो घर, ठेव आणि लॉकरचा. आपण नेमकं उलटं करतो. मुलांवर केलेले उपकार तोंडपाठ असतात आणि पासबुकाचा पत्ता नसतो.

तर ही माझी यादी. तुमची वेगळी असेल, जरूर कळवा. आणि रविवारी दुपारी सिनेमा लावायच्या आधी अर्धा तास यांना शेजारी बसवून कपाटातली फाइल उघडा. चहा हवा तर आधी करा, म्हणजे भांडण कमी होतं.

माझ्या डायरीतही आता एक पान वाढलंय. वर माझं नाव लिहिलंय. त्यात पहिला पदार्थ आलाय, आईच्या हातची ताकातली उकड. तीस वर्षांत घरात केली नव्हती, कारण कुणाला आवडत नाही. परवा केली, आणि एकटीनं खाल्ली.