आधी शिका, मग वाजवा!

आमच्या मेहुण्यांची मतं ठाम असतात. डळमळीत मतांचा मेहुणा मी तरी अजून पाहिलेला नाही. परवा घरात गाणं लागलेलं असताना ते आले, दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "भावोजी, या पोरांना आधी कुणीतरी वाजवायला शिकवा हो!"

निदान बरोबर होतं. सुरुवात केली तेव्हा त्या पोरांना खरंच वाजवायला येत नव्हतं. माझं भांडण आहे ते त्या 'आधी'शी.

ही पोरं 'पायलॉन' या बँडची. पंकच्या आरडाओरड्यानंतर आलेल्या 'पोस्ट-पंक' पंथातली. गाव अथेन्स. सॉक्रेटिसाचं नव्हे, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं, विद्यापीठाचं गाव. तिथे चित्रकला शिकणाऱ्या मायकेल लाखॉस्की आणि रँडी ब्यूली या दोघांनी १९७८ साली बास आणि गिटार हातात घेतली आणि एकच तुकडा तासन्‌तास घोळवायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावर कर्टिस क्रो राहायचा. अशा वेळी वरचा माणूस खाली येतो तो काठी घेऊन. क्रो खाली आला तो "मी ड्रम वाजवू का?" म्हणून विचारायला!

आता गाणार कोण? पोपटाला बोलायला शिकवणारी तबकडी लावावी, असाही विचार झाला होता म्हणे. पण पोपटाचं नशीब नव्हतं. १९७९ च्या फेब्रुवारीत व्हनेसा ब्रिस्को ही तिथलीच कलाविद्यार्थिनी आली आणि मार्चमध्ये पहिला कार्यक्रमसुद्धा झाला. तेवढ्या अवधीत आमच्या गुरुजींनी मला पेटीच्या भात्याला हात लावू दिला नव्हता. 'आधी कान तयार कर' म्हणत माझा कानच लाल केला. मी पेटी सोडली.

"मग? गोंगाटच झाला असेल!" मेहुणे म्हणाले.

नाही झाला. जे येत नव्हतं ते त्यांनी केलंच नाही. मोजके सूर, मधे भरपूर मोकळी जागा, खाली पक्का ठेका आणि वर व्हनेसाबाईंचं कधी पुटपुटणं, कधी गुरकावणं. लोक नाचायला लागले. बेतही चित्रकारांनाच सुचावा असा : न्यूयॉर्कला वाजवायचं, तिथल्या एका संगीतविषयक नियतकालिकात आपल्यावर चार ओळी छापून आणायच्या आणि दुकान बंद करायचं. पण वाजवण्यातच मजा यायला लागली. म्हणून १९८० साली 'गायरेट' निघाली आणि १९८३ साली 'चॉम्प'. मग 'यू टू'सारख्या बड्या मंडळींच्या आधी वाजवायची संधी आली. यांना दिसलं, की ही आता नोकरी होणार. त्याच वर्षाअखेरीला दुकान बंद!

"बघा, टिकले नाहीत," मेहुणे विजयाने म्हणाले.

मेहुणेसाहेब, १९८७ साली 'रोलिंग स्टोन'ने 'आर. ई. एम.' हा अमेरिकेतला सर्वोत्तम बँड ठरवला, तेव्हा त्यांचाच ड्रमवाला बिल बेरी म्हणाला, की तो मान आमचा नव्हे, पायलॉनचा. ब्यूली २००९ साली गेला. तरी २०२० साली त्यांच्या तबकड्यांचा भला मोठा संच निघाला. न टिकलेल्यांचा एवढा पसारा!

मी रियाजाचा शत्रू नव्हे. ख्याल गाणाऱ्याने वीस वर्षं घासलंच पाहिजे. पण ज्याला ख्याल गायचाच नाही, त्यालाही दारातच परीक्षक गाठतात, याचा मला राग आहे. आत काय वाजलं असतं, ते मग कुणालाच कळत नाही. परीक्षकालासुद्धा नाही.

काल रात्री मी माळ्यावरची पेटी खाली काढली आणि येतो तेवढा एकच तुकडा अर्धा तास वाजवला. दारावर थाप पडली. वरच्या मजल्यावरचे काका! मला एकदम क्रोची आठवण झाली. मोठ्या आशेने दार उघडलं.

काकांच्या हातात काठी होती.