डोळे बोलतात म्हणे!

हाँगकाँगचा सिनेमा म्हटलं की आपल्याकडे ब्रूस ली, जॅकी चॅन आणि ढिशुम ढिशुम, संपला विषय. त्यापुढे गेलेला एखादा भेटलाच तर तो टोनी लेउंगचं नाव घेतो (टोनी लेउंग च्यू-वाय, याच नावाचा आणखी एक नट आहे, तो वेगळा) आणि हमखास म्हणतो, "काय डोळे आहेत राव! डोळेच बोलतात."

मला हे वाक्य खटकतं. कौतुक मान्य, पण त्यात माणसाची मेहनत गायब होते आणि उरते ती फक्त देवाची देणगी.

आता बघा. १९८२ मध्ये हा पोरगा टीव्हीबी या हाँगकाँगच्या टीव्ही चॅनेलच्या अभिनयवर्गात शिकला. चाउ युन-फॅट, अँडी लाऊ, स्टीफन चाऊ ही मंडळीही टीव्हीबीच्याच वर्गांतून आलेली. वर्ग झाला की सरळ मालिकांच्या गिरणीत! १९८४ ची 'द ड्यूक ऑफ माउंट डीअर' ही ४० भागांची मालिका, त्यात टोनी आणि अँडी दोघेही होते. अठरा वर्षांनी, २००२ मध्ये, हेच दोघे 'इन्फर्नल अफेअर्स'मध्ये समोरासमोर आले. सुरुवातीला दोघे हाय-फायच्या दुकानात शेजारी बसून गाणं ऐकतात. एक गँगमध्ये घुसलेला पोलीस, दुसरा पोलिसांत घुसलेला गँगस्टर, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. संवाद जेमतेम, पण आपली नजर हलत नाही. हे नुसत्या डोळ्यांचं काम नाही महाराजा, वर्षानुवर्षं कॅमेऱ्यासमोर उभं राहिल्यावर अंगात मुरलेला हिशोब आहे तो. किती दाखवायचं आणि कुठे थांबायचं, याचा.

आणखी एक उदाहरण. १९८९ चा 'अ सिटी ऑफ सॅडनेस' हा तैवानचा सिनेमा. टोनीची भाषा कँटोनीज, तैवानची बोली त्याला येईना. दिग्दर्शक होउ श्याव-श्येन यांनी काय करावं? त्याचं पात्रच मूकबधिर करून टाकलं! नटाच्या हातातली भाषाच काढून घेतली. तरी गडी उभा राहिला, आणि त्या सिनेमाला व्हेनिसचा गोल्डन लायन मिळाला.

आता कुणी म्हणेल, मॅगी चुंग कुठे शिकली होती? ती तर १९८३ च्या मिस हाँगकाँग स्पर्धेतली उपविजेती. बरोबर. पण १९९२ मध्ये बर्लिनला 'सेंटर स्टेज'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळेपर्यंत तिने डझनावारी सिनेमे केले होते, त्यातले कितीतरी निव्वळ धंदेवाईक. वर्ग नसेल, पण गिरणी होतीच. मग २००० च्या 'इन द मूड फॉर लव्ह'मध्ये ती नवऱ्याला जाब विचारायची तालीम टोनीसमोर करते आणि तालमीतच कोसळते. अभिनयातला अभिनय. त्या वर्षी कानला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक टोनीला मिळालं. माझ्या मते अर्धं श्रेय मॅगीचं.

गिरणीत शेकडो जण भरडले गेले असणार, हे उघड आहे. गिरणी चांगली असते असं मी म्हणत नाहीये. म्हणणं एवढंच की हलक्या समजल्या जाणाऱ्या कामातसुद्धा हात तयार होतो, फक्त ते काम मन लावून करावं लागतं. आमच्याही ऑफिसात कुणी चांगला कोड लिहिला की "तो जन्मजात हुशार आहे" असं म्हणून सगळे मोकळे होतात. सोयीचं असतं ते. देणगी म्हटलं की आपण न केलेल्या कष्टांबद्दल कुणी विचारत नाही.

२०२३ मध्ये व्हेनिसने टोनीला जीवनगौरव म्हणून गोल्डन लायन दिला, तेव्हाही सगळीकडे डोळेच गाजले. असो. 'इन्फर्नल अफेअर्स' पाहिला नसेल तर जरूर पाहा. फक्त डब केलेला नको, मूळ कँटोनीजमध्ये, सबटायटल्ससकट. आणि एकदा तरी डोळे सोडून त्याच्या खांद्यांकडे बघा.