मेमरी कुठे मुरतेय?

सुरतेतल्या उधन्याहून नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जाणारी ताप्ती लाइन म्हणजे लूमवर राबणाऱ्या खानदेशी माणसाची घरची वाट. आखाजीच्या सणाला गावी जायला तो आरक्षणाच्या खिडकीशी उभा राहतो, तेव्हा तिकीट निघतं ते रेल्वेच्या ‘क्रिस’ या माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या प्रणालीतून. 1999 मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही तिची पाच केंद्रं जोडली गेली. अशा अखंड राबणाऱ्या कोणत्याही मोठ्या सर्व्हरचा छुपा आजार म्हणजे हळूहळू वाढत जाणारी मेमरी. रीस्टार्ट केलं की आकडा खाली येतो, पण पुरावाही पुसला जातो. म्हणून त्या घाईला माझा विरोध आहे. आधी सारख्याच वर्दळीच्या वेळी रोज नोंद घ्यावी. वाढ कॅशची, म्हणजे मुद्दाम जपलेल्या डेटाची असेल, तर ती भरली की आलेख सपाट होतो; गळतीचा, म्हणजे घेतलेली मेमरी न सोडण्याचा, चढतच राहतो. मग वाढीला व्यवहारांच्या संख्येनं भागावं. दर व्यवहारामागे ठरावीक बाइट उरत असतील, तर दोष बहुधा व्यवहाराच्याच कोडमध्ये आहे. अनेकदा तो चुका हाताळणाऱ्या कोडमध्ये सापडतो: व्यवहार मध्येच तुटला, प्रोग्राम लवकर परतला आणि घेतलेला बफर सोडायचाच राहिला. सणाच्या गर्दीत असेच तुटलेले व्यवहार वाढतात. तेव्हा चाचणीत निघालेल्या तिकिटांइतकीच फसलेली तिकिटंही चालवून पाहायला हवीत.