व्हिडीओ गेममधला सहकारी ऐन वेळी थांबतो का?

'एनएचएल २५' हा ईए स्पोर्ट्सचा आइस हॉकी गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, तेव्हा 'आइस-क्यू' या नावाखाली संगणकाच्या ताब्यातील खेळाडू अधिक हुशार केल्याचा दावा कंपनीने केला. तो करावा लागला, कारण तक्रार जुनी आहे. गोलरक्षकासह संघात ६ खेळाडू. त्यातला एक तुमच्या कंट्रोलरवर, बाकीचे ५ संगणकाकडे.

खरी गोची निळ्या रेषेवर होते. पक प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात शिरण्याआधी सहकारी रेषेपलीकडे गेला, तर ऑफसाइड. सोबतचा माणूस तुमचा इरादा ओळखतो. संगणकाला दिसते ती पकची जागा, वेग आणि दिशा. तुम्ही शेवटच्या क्षणी वळलात, की पुढे सुटलेला सहकारी अडकला. म्हणून त्याला रेषेवर थांबायला शिकवायचे, तर तो ताटकळतो आणि वेगवान चाल तिथेच मरते. शिव्या दोन्ही वेळा त्यालाच!

त्याला फार हुशार करण्यातही अडचण आहेच. सगळे गोल तोच करू लागला, तर गेम विकत घेणाऱ्याने काय करायचे?

मात्र सगळाच दोष त्याचा नसतो. मेनूमध्ये संघाची रणनीती ठरवता येते, तिकडे अनेक जण फिरकतच नाहीत. '१-२-२' ठेवले तर पकवर एकच खेळाडू चढतो, '२-१-२' मध्ये दोघे. दोघे चढले की मागे जागा रिकामी पडते. ती भरायला कोणी का आले नाही, याचे उत्तर बऱ्याचदा त्या मेनूतच असते.