नारळ फोडून झाल्यावर



आमच्या भागातून २०१७ साली जिल्हा परिषदेवर निवडून गेलेल्या एक काकू आहेत. मुदत संपली तेव्हा त्यांनी आपल्या कामाचा अहवाल छापून घेतला होता. गुळगुळीत कागद, पानोपानी फोटो. पुढे ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या स्थानिक निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि गावोगाव पुन्हा इच्छुकांची नावं ऐकू येऊ लागली. तेव्हा मी ती पुस्तिका घेऊन काकूंकडे गेले. म्हटलं, "काकू, यातलं आज काय काय चालू आहे, ते मला सांगा."

त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली आणि हसल्या. "पोरी, यात नारळ फोडलेलं सगळं हाय. त्याच्या पुढचं कुठं लिवलंय?"

लोकप्रतिनिधी आपल्या कामाचा जो हिशेब देतात, त्याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते या एका वाक्यात आलं.

पुस्तिकेत होतं काय? डांबरी रस्ते, सभामंडप, शाळेची संरक्षक भिंत, स्मशानभूमीचं शेड, एका गावात आरोग्य उपकेंद्राची नवी इमारत. ही कामं खोटी नाहीत आणि निरुपयोगीही नाहीत. रस्ता झाला म्हणून आता त्या वस्तीवर १०८ची गाडी पोचते, हे मी स्वतः पाहिलं आहे. बाळंतिणीला बैलगाडीत घालून नेलेली पिढी अजून हयात आहे. त्यामुळे 'रस्ते म्हणजे पुरुषांचा विकास' असं मी म्हणणार नाही.

पण उपकेंद्राचं बघा. सपाट भागात पाच हजार लोकसंख्येला आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजारांना एक उपकेंद्र असा निकष आहे. तिथे नर्सबाईने राहावं, तपासण्या कराव्यात, लसीकरण करावं, गरज पडली तर बाळंतपण करावं, ही अपेक्षा. आमच्या गावच्या इमारतीला नळजोडणीच झाली नव्हती. पाणी नाही म्हणून नर्सबाई मुक्कामी राहीनात, त्या राहत नाहीत म्हणून बायका जाईनात. एका अडलेल्या सुनेला रात्री तालुक्याला नेलं, तेव्हा तिच्या सासूने मला विचारलं, "मग ते बांधलं कशाला?" पुस्तिकेत मात्र फीत कापतानाचा फोटो पानभर आहे.

काकूंना मी हे विचारलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "इमारतीला पैसा आला तवा समद्यांनी मला विचारलं, कुठं बांधायची. पाण्याच्या पायपाला मी तीनदा अर्ज दिला, तर म्हणले हे दुसऱ्या खात्याचं. आन् नर्सबाईची भरती तर माझ्या हातातच न्हाई."

यात तथ्य आहे. राज्यातला जिल्हा परिषदेचा कायदा १९६१चा आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रं, अंगणवाड्या, ग्रामीण रस्ते, पशुसंवर्धन, लहान पाणी योजना इतका संसार त्यांच्याकडे. पण या संसाराला लागणारा बहुतेक पैसा शासनाकडून ठरलेल्या कामासाठी बांधून येतो, आणि बहुतेक भरती शासनाच्या परवानगीशिवाय होत नाही. सदस्याच्या हातात खरी सत्ता उरते ती थोड्या निधीवर आणि सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारण्यावर. निधीतून इमारत होते, फोटो निघतो. प्रश्नाचा फोटो निघत नाही. म्हणून अहवालात इमारती दिसतात, विचारलेले प्रश्न दिसत नाहीत. आपणही कधी ते मागितले नाहीत.

आता आपल्या हक्काच्या एका पैशाबद्दल. जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो. रक्कम मोठी नसते, पण ती कशी खर्च व्हावी हे जिल्ह्यातच ठरतं, आणि ते ठरवणाऱ्या महिला व बालकल्याण समितीवर स्त्रियाच बहुसंख्येने असतात. म्हणजे इथे 'वरून आदेश आला' हे कारण पूर्णपणे चालत नाही.

मी पाहिलं ते असं. बहुतेक पैसा जातो शिलाई मशीन, सायकली आणि पिठाच्या गिरण्यांवर. सायकलीमुळे मुलगी शाळेत टिकते, ते मला मान्यच आहे. पण दरवर्षी तीच यादी का? कारण वस्तू मोजता येते, वाटता येते, वाटताना व्यासपीठावर बसता येतं. २०१६ नंतर वस्तूऐवजी पैसे थेट बँक खात्यात देण्याचं धोरण आलं. मधला ठेकेदार जावा हा हेतू चांगलाच होता. पण बाईने आधी स्वतःच्या पैशाने मशीन घ्यायचं, पावती जोडायची आणि मग अनुदानाची वाट पाहायची, असं झालं. ज्या परित्यक्तेच्या हाती हजार रुपये एकरकमी नाहीत, ती यादीत नाव लागूनही मागे राहिली. जिच्या घरात पैसा होता, तिच्याकडे दुसरं मशीन आलं.

याच निधीतून कौटुंबिक हिंसेने पीडित स्त्रियांसाठी समुपदेशन केंद्र चालवता येतं. माझ्या ओळखीच्या एका केंद्रात समुपदेशक बाईंचं मानधन कित्येक महिने थकलं. ती बाई स्वतःच्या खर्चाने एस.टी.ने येत राहिली. मग एक दिवस यायची थांबली. खोलीला कुलूप लागलं. त्याच आठवड्यात अंगावर वळ घेऊन आलेल्या एका मुलीला मी त्या कुलपासमोर बसलेली पाहिलं. केंद्र उघडलं तेव्हा पाहुणे होते, हारतुरे होते. बंद झालं तेव्हा कुणालाच कळवावंसं वाटलं नाही.

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला 'गरजांचा अग्रक्रम' शिकवला होता. फळ्यावर तो सोपा दिसायचा. गावात आल्यावर कळलं की अग्रक्रम गरजेवरून ठरत नाही, तो कशाचं उद्घाटन करता येतं यावरून ठरतो. जे एकदा बांधून संपतं ते पुढे जातं. जे रोज चालवावं लागतं ते मागे राहतं. आणि रोज चालवायची कामं, म्हणजे पाणी, दवाखाना, अंगणवाडीतला आहार, शाळेतल्या संडासाची स्वच्छता, ही बाईच्या आयुष्याला रोज भिडणारी कामं. घरातही तसंच आहे. घर बांधल्याचं नाव एकाचं, ते रोज चालवण्याचं काम दुसरीचं, आणि हिशेबात फक्त बांधकाम.

तर मग बाया निवडून येऊन काय उपयोग, असं कुणी म्हणेल. माझं उत्तर उलटं आहे. १९८९ साली जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्यात पूर्ण बायकांची पंचायत निवडून आली, तेव्हा तर एक तृतीयांश आरक्षण देणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्तीही झाली नव्हती. ती २४ एप्रिल १९९३ला अमलात आली. २०११ साली आपल्या राज्यात निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या. काकू अशाच एका राखीव जागेवरून आल्या. पहिल्या सभेला त्यांचे यजमान दाराबाहेर बसून होते आणि शिपाई त्यांनाच 'मेंबरसाहेब' म्हणत होता. शेवटच्या वर्षी काकूंनी एकटीने उभं राहून औषधांच्या साठ्याबद्दल विचारलं. एवढं अंतर कापायला त्यांना पाच वर्षं लागली.

आणि ते कापून होईतो सभागृहच बंद झालं. मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि गट-गणांची रचना हे वाद न्यायालयात अडकले आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. निम्म्या स्त्रिया असलेली सभागृहं इतका काळ रिकामी होती आणि आपल्या चळवळीतही त्याचा फारसा आवाज उठला नाही. आपण म्हटलं, तशीही कुठे चालत होती सत्ता बायकांची! हे बरोबर नव्हतं. प्रशासक कार्यक्षम असेलही, पण त्या सासूने "मग ते बांधलं कशाला" हे कुणाच्या दारात जाऊन विचारायचं?

म्हणून मला वाटतं, हिशेब कसा द्यायचा हे निवडून येणाऱ्यांनी ठरवण्याआधी तो कसा घ्यायचा हे आपण ठरवावं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे नव्या मागणीचा ठराव करण्याआधी जुन्याची तपासणी करू. गेल्या पाच वर्षांत गावात जे जे बांधलं, ते आज चालू आहे का, चालवतं कोण, त्याला पाणी आणि माणूस आहे का, एवढंच लिहून काढू. तो कागद आपल्या गटाच्या सदस्येला देऊ आणि सर्वसाधारण सभेत मांडायला लावू. दहा टक्के निधी कशावर गेला हे माहितीच्या अधिकारात दरवर्षी विचारू, आणि समुपदेशन केंद्राचं मानधन आधी, वाटप नंतर, असा आग्रह धरू. सदस्या प्रश्न विचारेल तेव्हा तिच्यामागे दहा बायका प्रेक्षागृहात नाही, तर निदान दाराशी तरी असू देत. एकटी बाई किती दिवस उभी राहील?

निघताना मी काकूंना विचारलं, "पुन्हा उभ्या राहणार का?"

"जागा कुणाला सुटती ते बघू," त्या म्हणाल्या. मग ती पुस्तिका माझ्या हातात परत दिली. "पण पुन्हा छापायची येळ आली तर निम्मी पानं कोरी ठिवीन. काय बंद पडलं ते तुमी बायांनी लिवायचं."

मी ती पुस्तिका जपून ठेवली आहे. आपल्या गावातली कोरी पानं कोण भरणार, ते बैठकीत बोलू या.