गच्चीवर हिरवळ नको, माळ हवा

शहरातले कीटक टिकवायचे तर गच्च्यांवर बागा करा, असे आता पुष्कळ जण सांगतात. सूचना चांगलीच आहे. मात्र छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात ती बाग कशी असावी, हे परदेशी छायाचित्रे पाहून ठरवू नये, असे मला वाटते.

छपरावर माती ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मराठवाड्यातले माळवद आजी-आजोबांना विचारा. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या-काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यात त्यावर गवत उगवे; छप्पर गळू नये म्हणून ते उपटावेही लागे. कीटकांचा विचार करून कोणी माळवद बांधले नव्हते. तरीही मातीच्या त्या घरात कीटकांना एक वस्तू फुकट मिळे : उघडी, कोरडी, पोखरता येण्याजोगी माती.

तिचे मोल निळ्या पट्ट्यांच्या माशीला विचारावे. ही मधमाशीच्याच गोतातली, पण पोळे न बांधणारी. मादी एकटीच मातीच्या भिंतीत किंवा दरडीत बीळ कोरते, पराग आणि मध साठवते व त्यावर अंडे घालते. वांग्याच्या फुलात पराग मिठाच्या डबीतल्यासारखे कोंडलेले असतात. बाहेर पडायला टोकाशी बारीक छिद्र तेवढे. ही माशी फूल घट्ट धरून अंग थरथरवते आणि पराग खाली सांडतात. पोळ्यातल्या मधमाशीला ही युक्ती येत नाही! जगात मधमाश्यांच्या वीस हजारांवर जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक एकेकट्या राहतात आणि जमिनीत घर करतात. भिंत सिमेंटची, अंगण फरशीचे आणि गच्ची काँक्रीटची झाली, तर त्यांनी जावे कोठे?

कापून सारखी केलेली हिरवळ त्यांच्या काहीच उपयोगाची नाही. तिच्यात फूल नाही, उघडी माती नाही, आणि पाणी मात्र रोज हवे. जायकवाडीहून पन्नासएक किलोमीटर पंपाने पाणी आणणाऱ्या शहराला हा शौक परवडणार नाही. त्यापेक्षा माळावरची मुरमाड माती, दोन-चार दगड, घोळ, चिवळ, एकदांडी एवढे पुरे. (एकदांडी मूळची अमेरिकेची; फुलपाखरांना त्याचे सोयरसुतक नाही.) घोळीवर छोटा चांदवा या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे पाणी शुद्ध करण्याच्या केंद्राच्या छपरावर १९१४ साली तिथल्याच कुरणाची माती पसरली होती. तेथे १७५ जातींच्या वनस्पती नोंदल्या गेल्या आहेत. बाझल शहरात तर छपरावरचा थर मुद्दाम कमी-जास्त जाडीचा ठेवतात, कारण त्यामुळे भुंगेऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या जाती वाढतात असे दिसून आले आहे.

आता वजनाचे बोलू. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची जड माळवदे कोसळून हजारो माणसे गाडली गेली. हे विसरून गच्चीवर माती चढवता येणार नाही. भिजलेल्या मातीचा १० सेंटीमीटरचा थर एका चौरस मीटरवर १६० ते २०० किलो भार टाकतो. साध्या घराच्या गच्चीवर माणसांच्या वावरासाठी १५० किलोच्या आसपास भार धरलेला असतो. म्हणून अभियंत्याला विचारल्याशिवाय सबंध गच्ची भरू नका. भिंतीलगत चार पसरट कुंड्या ठेवा, आणि त्यांखाली पाणी साचू देऊ नका, नाहीतर डासांची सोय व्हायची. आणखी एक. गच्ची जमिनीची बरोबरी करीत नाही. हिमायतबागेसारखी मोकळी जमीन राखणे हे पहिले काम, गच्ची त्यानंतर.

शिक्षकांनी शाळेत एक प्रयोग करून पाहावा. एका पसरट कुंडीत हिरवळ लावा, दुसरीत माळाची माती भरून जे उगवेल ते उगवू द्या. आठवड्यातून एकदा सकाळी दहा मिनिटे दोन्हींवर येणारे कीटक मोजा. शेजारी एका लाकडी खोक्यात चिकणमाती ठासून भरा, ती ओली असतानाच पेन्सिलीने दोन-तीन भोके पाडा आणि वाळल्यावर खोके पावसाच्या आडोशाला आडवे ठेवा. भोकाच्या तोंडाशी भुरभुरीत ताजी माती दिसली, तर आत कोणीतरी राहायला आले आहे. मग ते खोके वर्षभर हलवू नका.