हुकुमावाचून एकवाक्यता

३० जुलै २०१२ च्या उत्तररात्री, २ वाजून ३३ मिनिटांनी, उत्तर भारताचे संपूर्ण वीजजाल कोसळले. ते सावरून एक दिवस उलटतो न उलटतो तोच ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य हे तीनही विभाग एकदम बंद पडले. आगगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, दिल्लीची मेट्रो थांबली, पूर्वेकडील कोळशाच्या खाणींत कामगार अडकून पडले. सुमारे साठ कोटी लोकवस्तीच्या प्रदेशाला त्या दुपारी वीज नव्हती. महाराष्ट्र त्या दोन्ही दिवशी या संकटातून बचावला आणि साहजिकच येथे ती घटना दूरची वाटली. वस्तुतः त्या संकटाच्या कारणांत पश्चिम विभागाचाही वाटा होता. आणि त्यातून निघालेला प्रश्न आज महाराष्ट्रातील गावोगावच्या वेशीपाशी येऊन उभा आहे.

प्रश्न असा की, परस्परांवर हुकूम चालवू न शकणारे असंख्य स्वतंत्र घटक एकाच व्यवस्थेत नांदत असतील, तर त्यांच्यात एकवाक्यता यावी कशी, आणि त्या एकवाक्यतेतून सर्वांच्या हिताचा निर्णय निघावा कसा? काही दशकांपूर्वी वीजजालातील निर्णय घेणारे घटक शेकड्यांत मोजता येत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसविण्याची योजना जाहीर केली. महाराष्ट्रात कृषिपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून उपकेंद्रांच्या आसपास छोटे सौर प्रकल्प उभारले जात आहेत. काल जो केवळ ग्राहक होता, तो आज उत्पादकही होत आहे. शेकड्यांचा कारभार ज्या रीतीने चालला, त्याच रीतीने लाखांचा चालेल काय, याचा विचार आताच व्हावयास हवा.

एका लयीचे बंधन

वीज मोठ्या प्रमाणावर साठविणे अजूनही खर्चाचे आहे. त्यामुळे ज्या क्षणी जितकी मागणी, त्याच क्षणी तितकी निर्मिती, हा तोल अहोरात्र सांभाळावा लागतो. तो सुटला की राहिला हे सांगणारा एकच आकडा असतो. तो म्हणजे वारंवारता. भारतात ती सेकंदाला ५० आवर्तने इतकी असावी लागते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण विभाग उरलेल्या देशाशी एकलय झाला. तेव्हापासून कोयनेच्या आणि भाक्र्याच्या जनित्रांसह देशभरातील जनित्रे एकाच लयीने बांधली गेली आहेत.

या लयीची गंमत अशी की, तिच्यासाठी निरोप्या लागत नाही. देशात कोठेही मागणी एकाएकी वाढली की सर्वच जनित्रांची गती किंचित मंदावते. कोयनेच्या यंत्राला भाक्र्याकडून तार येण्याची वाट पाहावी लागत नाही; स्वतःच्या आसाची गती घटल्याचे त्याला जागच्या जागी कळते, त्याचा गव्हर्नर झडप थोडी उघडतो आणि वाढलेल्या भारातील आपला वाटा उचलतो. प्रत्येकाने आपल्या कुवतीच्या प्रमाणात हे केले, तर हुकुमावाचून तोल सावरला जातो.

खानदेशात पांझरेच्या काठी पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या फड पद्धतीत पाणीवाटपाचा असाच कारभार शेतकऱ्यांनी स्वतः सांभाळला. तो टिकला याचे एक कारण असे की, पाटातले पाणी सर्वांना दिसते. तुटवडा कोणी लपवू शकत नाही. विजेचा तुटवडा डोळ्यांना दिसत नाही. वारंवारता ही त्या अदृश्य पाटातील पातळी दाखविणारी खूण होय.

गणिताने घातलेल्या अटी

विखुरलेल्या घटकांची एकवाक्यता हा गेल्या अर्धशतकात गणिताचा आणि संगणकशास्त्राचा मोठा विषय बनला आहे. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ मॉरिस डीग्रूट यांनी १९७४ मध्ये एक साधा प्रश्न मांडला. एखाद्या समितीतील प्रत्येक सदस्य इतरांच्या मतांना कमीअधिक वजन देत आपले मत पुनःपुन्हा दुरुस्त करीत गेला, तर शेवटी सर्वांचे मत एक होईल काय? दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, जॉन त्सित्सिक्लिस यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सादर केलेल्या प्रबंधात हा विचार अनेक संगणकांना लागू केला. प्रत्येकाजवळ थोडीच माहिती आहे, निरोप उशिरा पोहोचतात, मध्यवर्ती नियंत्रक नाही. तरीही सर्व मिळून एका सामाईक, आणि शक्य तितक्या उत्तम, उत्तराशी येऊ शकतात, असा या परंपरेचा आशादायक निष्कर्ष आहे.

मात्र या आशेला अटी आहेत. पहिली अट, जाळे कोठेही तुटलेले नसावे. एकाची खबर फिरत फिरत का होईना, पण सर्वांपर्यंत पोहोचली पाहिजे. दुसरी अट, प्रत्येकाने दुरुस्तीचे पाऊल बेताचे टाकावे. सर्वांनी एकदम मोठी उडी घेतली की व्यवस्था स्थिरावण्याऐवजी हेलकावे खाऊ लागते. तिसरी अट प्रामाणिकपणाची. लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीज यांनी १९८२ मध्ये बायझेंटाईन सेनापतींच्या रूपकातून दाखवून दिले की, केवळ तोंडी निरोपांवर भिस्त असेल, तर तीन सेनापतींपैकी एक फितूर असताना उरलेल्या दोघांच्या एकमताची हमी देता येत नाही. फितुरांचे प्रमाण एक तृतीयांशाहून कमी असेल तरच एकमत सुरक्षित राहते. एवंच, सेनापती नसला तरी चालेल. शिस्त नसून चालणार नाही.

दराचा प्रयोग

भारतीय वीजव्यवस्थेने हा विचार एका धाडसी प्रयोगाच्या रूपाने प्रत्यक्षात आणला. त्यापूर्वी देशाच्या काही विभागांत वारंवारता दिवसा ४८ च्या जवळ उतरे आणि रात्री ५१ च्याही वर जाई. भार प्रेषण केंद्रे सूचना देत. वीज मंडळे त्या ऐकत किंवा न ऐकत. जुलै २००२ मध्ये पश्चिम विभागापासून प्रारंभ करून एक नवी दरपद्धती अमलात आली. तिच्या आखणीत भानु भूषण यांचा वाटा मोठा होता. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक राज्याचे वेळापत्रक आधी ठरे. त्या वेळापत्रकापेक्षा जितकी वीज कमी-अधिक घेतली जाई, तिचा दर त्या भागातील वारंवारतेवरून ठरे. वारंवारता ५०.५ असेल तर दर शून्य. ती जसजशी खाली येई, तसतसा दर चढत जाई.

यातील मर्म अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला चटकन उमगेल. आणखी एक युनिट निर्माण करण्याचा खर्च सर्व चालू केंद्रांत सारखा झाला की एकूण खर्च किमान होतो. परंतु त्यासाठी प्रत्येकाचा हिशेब दिल्लीला कळण्याची गरज नाही. भिंतीवरील मापकात वारंवारता पाहावी, तीवरून दर ओळखावा, आणि आपले महाग केंद्र चालवायचे की थांबवायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. स्वार्थ साधता साधता सर्वांचे हित साधले जाईल, अशी ही रचना होती. वारंवारतेचे हेलकावे तिने पुष्कळच आवरले, हे मान्य केले पाहिजे.

सरासरीत दडलेला ताण

मग दहा वर्षांनी २०१२ चे संकट का ओढवले? पहिल्या बिघाडाआधी वारंवारता ४९.६८ होती, दुसऱ्याआधी ४९.८४. हे आकडे घाबरविणारे नव्हते. देशाची नाडी जवळजवळ ठीक चालत असताना बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची एक वाहिनी मात्र असह्य भाराखाली होती. तिच्या जोडीची वाहिनी सुधारणेच्या कामासाठी बंद होती, इतर मार्गही दुबळे झाले होते. उत्तरेकडील राज्ये ठरल्याहून अधिक वीज ओढत होती. पश्चिम विभागातील घटक ठरल्याहून कमी वीज घेऊन जादा वीज त्याच मार्गाने लोटत होते. वारंवारता ५० च्या खाली असल्याने या कृतीला दरपद्धतीचे बक्षीसच मिळत होते! प्रादेशिक केंद्रांच्या सूचनांना राज्यांच्या केंद्रांनी पुरेसा प्रतिसाद दिला नाही. अखेर प्रत्यक्ष दोष नसताना संरक्षक यंत्रणेने ती वाहिनी तोडली. शेवटचा उपाय म्हणून भार आपोआप कमी करणारी जी उपकरणे बसविलेली होती, त्यांनीही अपेक्षित काम केले नाही.

येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही की, सर्वांनी मान्य केलेला आकडा खोटा नव्हता. तो अपुरा होता. तो देशाची सरासरी सांगत होता, ग्वाल्हेरजवळच्या तारेवरील ताण सांगत नव्हता. पुढे २०१४ मध्ये ती पद्धती बदलून वेळापत्रकापासून किती ढळावे यावरच मर्यादा घालण्यात आली, वारंवारतेचा अनुज्ञेय पट्टाही ४९.९० ते ५०.०५ इतका अरुंद झाला. हे योग्यच झाले. परंतु हे सारे उपाय थोड्या आणि मोठ्या घटकांसाठी आहेत.

लाखांची एकदम उडी

लहान उत्पादकांची संख्या वाढली म्हणजे काय होते, याचा अनुभव जर्मनीने घेतला आहे. तेथे छपरांवरील सौर संचांना एक नियम होता. वारंवारता ५०.२ च्या वर गेली की संचाने तत्काळ बंद व्हावे. संच थोडे होते तोवर नियम निरुपद्रवी होता. ते लाखांनी वाढल्यावर ध्यानात आले की, एखाद्या उन्हाच्या दिवशी ५०.२ चा आकडा ओलांडला गेला, तर हे सारे संच एकाच क्षणी बंद पडतील. युरोपच्या सामाईक जालाने आकस्मिक तुटीसाठी ३,००० मेगावॉटची तजवीज केलेली. ही तूट मात्र तिच्या कितीतरी पट झाली असती. अखेर २०१२ मध्ये कायद्याने तीन लाखांहून अधिक संचांची दुरुस्ती हाती घ्यावी लागली. नवी रीत सोपी होती. एकदम बंद न होता वारंवारतेच्या प्रमाणात हळूहळू निर्मिती घटवावी. बेताच्या पावलाची गणिती अट ती हीच.

२८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल हे देश भर दुपारी अंधारात गेले. तेथे व्होल्टेज वाढत गेले आणि निर्मितीकेंद्रे एकामागून एक सुटत गेली. व्होल्टेज सावरण्याचे काम ज्या जुन्या केंद्रांवर होते, त्यांतील काहींनी ते पुरेसे केले नाही, असे स्पेन सरकारच्या अहवालाने म्हटले. आणि तत्क्षणी प्रतिसाद देऊन ते सावरण्याचे काम सौर व पवन केंद्रांवर नियमांनी सोपविलेलेच नव्हते. जे व्यवस्थेचे मोठे भागीदार झाले होते, त्यांना जबाबदारीत भाग दिलेला नव्हता.

मधला मार्ग कोणता?

यावर दोन टोकाचे उपाय सुचविले जातात. एक, सारे एका मध्यवर्ती संगणकाच्या हाती द्यावे. ५ एप्रिल २०२० च्या रात्रीचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. नऊ मिनिटे दिवे मालविण्याच्या आवाहनामुळे मागणी १२ ते १३ हजार मेगावॉटने घटेल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजारांनी घटली. तरीही वारंवारता ४९.७० ते ५०.२६ च्या आत राहिली, कारण जलविद्युत केंद्रे आधीपासून सज्ज होती आणि त्यांनी भराभर निर्मिती कमी-अधिक केली. केंद्राचा अंदाज चुकला, परंतु केंद्राने करून ठेवलेली तयारी चुकली नाही. मध्यवर्ती यंत्रणेचे खरे स्थान यावरून समजते. तिने नियम घालून द्यावेत आणि सज्जता ठेवावी. क्षणाक्षणाची दुरुस्ती जागच्या जागीच व्हावी. दुसरा उपाय, सारे दरावर सोपवावे, हा होय. त्याच्या मर्यादा २०१२ ने दाखविल्याच आहेत.

म्हणून तीन गोष्टी आताच व्हावयास हव्यात. छपरावरील संच जोडला जाण्यापूर्वी, वारंवारता आणि व्होल्टेज बदलताच तो कसा वागेल याची तपासणी झाली पाहिजे. लाखो संच बसल्यानंतरची दुरुस्ती किती महाग पडते, हे जर्मनीने दाखविले आहे. दुसरे, देशाच्या सरासरीबरोबरच प्रत्येक उपकेंद्राचा आणि वाहिनीचा ताण उघडपणे मोजला व प्रसिद्ध केला गेला पाहिजे. तिसरे, नियम मोडणाऱ्या बलाढ्य घटकाला, मग तो राज्य सरकारची वीज कंपनी का असेना, सूट मिळता कामा नये.

यात न्यायाचाही प्रश्न आहे. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला पाणी शेवटी आणि थोडे मिळते, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. सौर विजेच्या बाबतीत वाहिनीच्या टोकावरील घराची गत तीच होऊ शकते. दुपारी सर्वांचीच वीज तारेत चढू लागली की व्होल्टेज टोकाला सर्वांत अधिक वाढते, आणि सुरक्षिततेसाठी पहिल्यांदा बंद पडतो तो टोकाच्या घरातील संच. शेजाऱ्यांनी निर्माण केलेल्या ताणाची किंमत त्या एकट्याने कर्ज काढून बसविलेल्या पॅनेलवर मोजावी, हे न्याय्य नव्हे. उत्पादन घटवायचे तर सर्वांनी प्रमाणात घटवावे, असा नियम यंत्रातच घालता येतो. तो घालायचा की नाही, हा निर्णय मात्र यंत्राचा नाही. तो वीज नियामक आयोगापुढील सुनावण्यांत आणि योजनांच्या कागदपत्रांत होणार आहे. जे लाखो लोक उद्या या जालाचे भागीदार होणार आहेत, त्यांनी तेथे आजच आपले म्हणणे मांडले पाहिजे.